‘रुसाल्का’ ऐकायची कशी

चेक संगीतकार आंतोनिन द्वोर्झाकचा ‘रुसाल्का’ हा ऑपेरा आपल्यापर्यंत पोचतो तो बहुधा चंद्राला आळवणाऱ्या एका गाण्यातून. तेवढ्यावरच थांबलात, तर कथा नुसती गोड वाटते. रुसाल्का ही तळ्यात राहणारी जलपरी; एका राजपुत्रावरच्या प्रेमापायी ती माणूस होते, पण त्यासाठी वाचा गमावते. कथेचा गाभा नायिकेच्या या मौनात आहे, म्हणून ऐकतानाही ती कुठे गात नाही याकडे लक्ष ठेवा.

संगीत साधारण अडीच तासांचं, अंक तीन. पहिल्यांदा ऐकताना एका दिवशी एकच अंक घ्या आणि यारोस्लाव क्वापिलची संहिता भाषांतरासह समोर ठेवा. (पहिला प्रयोग 31 मार्च 1901 रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात झाला.) वाद्यवृंद-संचालक चार्ल्स मॅकेरास यांनी चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर केलेलं 1998 चं ध्वनिमुद्रण सुरुवातीला उत्तम, रुसाल्का रेने फ्लेमिंग गातात. चित्रीकरण बघणार असाल तर वनरक्षक आणि मुदपाकखान्यातल्या पोऱ्याचे प्रवेश त्यात आहेत ना, ते आधी पाहून घ्या. हलकेफुलके म्हणून ते बरेचदा कापतात. पण राजवाड्यातली माणसं या अबोल मुलीला किती बिचकून आहेत, ते तिथेच कळतं.

पहिल्या अंकात पाण्याखालचा म्हातारा वोदनीक तळ्यातल्या या मुलीला बजावतो, की माणसाचा आत्मा पापाने भरलेला असतो. ती तिथल्या तिथे म्हणते, ‘आणि प्रेमानेही!’ एवढा तुकडा पुन्हा ऐका, कारण पुढचं सगळं या दोन वाक्यांवर उभं आहे. मग हार्पचे सूर आणि ते चंद्राचं गाणं. त्यानंतर चेटकीण येझिबाबाच्या अटी नीट वाचा: माणसांपुढे रुसाल्काची वाचा जाईल, आणि प्रेम फसलं तर तिच्याबरोबर प्रियकराचाही नाश होईल. ही दुसरी अट नजरेतून सुटली, तर शेवट उगाच करुण केल्यासारखा वाटतो.

ऐकणारे कंटाळतात ते दुसऱ्या अंकात. नायिका समोर आहे आणि गात नाही. परकी राजकन्या मात्र भरल्या गळ्याने गाते आणि राजपुत्र तिच्याकडे ओढला जातो. यावर उपाय सोपा आहे. अंक सुरू करण्याआधी पहिल्या अंकाची वाद्यवृंदाची प्रस्तावना पुन्हा ऐका आणि त्यातली रुसाल्काची धून कानात बसवा. ती गप्प असते तेव्हा वाद्यवृंद तिच्या बाजूने बोलतो, हे मग आपोआप ऐकू येतं. बागेतल्या तळ्यातून वोदनीक वर आल्यावर ती अचानक गाऊ लागते, ही कथेतली चूक नव्हे. तो माणूस नाही, त्यामुळे त्याच्यापुढे शाप लागू होत नाही.

तिसऱ्या अंकात, राजपुत्राने नाकारल्यावर शापित होऊन तळ्याशी परतलेल्या रुसाल्काला येझिबाबा सुरी देते. राजपुत्राचं रक्त सांडलं तर तिची सुटका होणार असते, पण ती सुरी तळ्यात फेकते. मग तो येतो, आणि इतक्या वेळात पहिल्यांदाच दोघं एकमेकांशी बोलतात. बोलता येऊ लागलंय तेव्हा तिचं चुंबन म्हणजे मृत्यू झालेला आहे, आणि तो जाणूनबुजून तेच मागतो.

हा शेवट दोनदा ऐका. एकदा पाण्याखालून वोदनीक काय म्हणतो ते: सगळे त्याग व्यर्थ. दुसऱ्यांदा रुसाल्का मेलेल्या राजपुत्राला काय म्हणते ते: तुझ्या प्रेमासाठी, तुझ्या सौंदर्यासाठी, माणसा, देव तुझ्यावर दया करो. कोण खरं, ते क्वापिलने सांगितलेलं नाही. शेवटचा शब्द मात्र द्वोर्झाकने तिला दिला आहे.