पणत्या, एलईडी आणि पहाटेचं आभाळ: एडिटिंगमधल्या या चुका टाळा

त्रिपुरी पौर्णिमा झाली की कोल्हापूरच्या पंचगंगा घाटाचे फोटो माझ्याकडे येऊ लागतात. बहुतेकांत एक तर आभाळ शाईसारखं निळं, नाहीतर पणत्या पांढऱ्याफटक. दोष कॅमेऱ्याचा नसतो. पहाटे त्या घाटावर तीन उजेड एकत्र नांदतात: पणतीचा साधारण १९०० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप: आकडा लहान तर नारिंगी, मोठा तर निळा), एलईडी फ्लडलाइटचा बहुधा ५००० ते ६५००चा आणि उजाडण्याआधीच्या आभाळाचा १०,०००च्याही पुढे जाणारा. एका व्हाइट बॅलन्सने, म्हणजे अख्ख्या फोटोचा रंग एकदम जुळवणाऱ्या सेटिंगने, तिघेही सरळ होत नाहीत, आणि करूही नयेत.

तरी लोक ड्रॉपर (क्लिक केलेली जागा राखाडी धरून रंग जुळवणारं साधन) उचलतात आणि पणतीशेजारच्या पायरीवर क्लिक करतात. दगड राखाडी, म्हणून फोटोतही राखाडी दिसला पाहिजे, हा हिशोब. पण त्या दगडावर पणतीचा उजेड आहे, तो नारिंगीच दिसणार! सॉफ्टवेअर ते नारिंगी काढायला अख्ख्या फोटोत निळं ओततं.

ओळखीच्या एका मुलाने असाच फोटो मंडळाच्या कॅलेंडरसाठी केला आणि छपाईच्या आदल्या रात्री माझ्याकडे आला. निळं खटकलं म्हणून त्याने सॅच्युरेशन उतरवलं होतं. फोटो मेला म्हणून वर विकतचा प्रीसेट, म्हणजे सेटिंगचा तयार संच. मग ‘सिलेक्ट स्काय’ दाबून आभाळ गुलाबी. नदी मात्र निळीच! "दादा, तेवढी नदी जुळवून द्या," म्हणाला.

मी सगळं रीसेट केलं. प्रीसेटवर प्रीसेट चढवलेला फोटो दुरुस्त करत बसण्यापेक्षा मूळ रॉ फाइलपासून (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली फाइल) सुरुवात केलेली केव्हाही लवकर होते. टेम्परेचर ४२००च्या आसपास ठेवलं: आभाळ निळं, पण खरं वाटेल इतकंच, पणत्या नारिंगी. दीपमाळेवर एलईडीचा हिरवट पट्टा होता, तेवढ्यावर ब्रश फिरवून टिंटचा स्लायडर हिरव्याकडून मॅजेंटाकडे (जांभळट गुलाबीकडे) सरकवला. आभाळाच्या मास्कमध्ये, म्हणजे बदल जेवढ्यावर लागू होतो त्या निवडलेल्या भागात, पाणीही घेतलं आणि त्यातून पणत्यांची प्रतिबिंबं खोडरबराने वगळली. त्या मुलाला हेच काम कंटाळवाणं वाटत होतं. पण शांत पाण्यात आभाळच दिसतं, त्याचा रंग वरच्यापेक्षा वेगळा कसा असेल? वर गुलाबी आणि खाली निळं असलं की फोटो खोटा आहे, हे कॅमेरा कधी हातात न धरलेल्या माणसालाही कळतं. ‘एआय मास्क’ आभाळ शोधून देतो, नदीत पडलेलं आभाळ तुम्हालाच शोधावं लागतं. अर्ध्या तासाचं काम. तेवढाही धीर नसेल तर मिश्र उजेडाच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोडियमच्या दिव्याखालची झाडं हिरवी करायला जाऊ नका. त्या उजेडात हिरवा भाग जवळजवळ नसतोच, स्लायडर तो आणणार कुठून? मरीन ड्राइव्हवर २०१५ मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा लोक नाराज झाले आणि पुढे पिवळा उजेड परत आणावा लागला. लोकांच्या मनातली ती रात्र पिवळीच आहे. फोटोत ती पांढरी करण्याचा हट्ट कशाला?

जेपेगवर व्हाइट बॅलन्सची मोठी उलथापालथ करू नका. रॉ काढा.

फोटो टिपतानाच ज्योतीचा लाल चॅनल जळला, म्हणजे कमाल पातळीला जाऊन त्यातला तपशील गेला असेल तर एडिटिंगमध्ये तो परत येत नाही. हिस्टोग्राममध्ये (फोटोतला उजेड दाखवणाऱ्या आलेखात) लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग वेगवेगळे बघा आणि एक्स्पोजर कमी ठेवा.

आभाळाच्या मास्कमुळे डोंगराच्या कडेला पांढरी रेघ दिसली तर मास्कचा जोर निम्मा करा. मी मुळातच निम्म्यापासून सुरुवात करतो.

आणि रात्री एडिट करताना लॅपटॉपचं ‘नाइट लाइट’ बंद आहे ना, ते आधी बघा. ते चालू असलं की स्क्रीन पिवळी दिसते, तुम्ही फोटो थंड करत जाता आणि सकाळी सगळा घाट निळा निघतो.