ओसीडीची थेरपी चालू असताना घरात कुणी काय करायचं

ओसीडी म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि ते शमवायला तपासणं-धुणं-विचारणं करत राहणं. ज्याला ओसीडी आहे तो "कुलूप नीट लावलंय ना?" असं परत परत विचारतो, आपण मायेपोटी "हो रे, लावलंय" म्हणतो, त्याला पाच मिनिटं बरं वाटतं आणि शंका पुन्हा येते. म्हणून पहिलं काम घरच्यांचंच. आठवडाभर वहीत लिहा, दिवसातून किती वेळा खात्री दिली, किती वेळा त्याच्याऐवजी दार तपासलं, त्याच्या सांगण्यावरून किती वेळा हात धुतले. ती वही पहिल्या सेशनला न्या.

थेरपिस्टला सरळ विचारा, ईआरपी करता का. म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला ठरवून, सोप्यापासून सुरू करून सामोरं जायचं आणि नंतर धुणं-तपासणं-विचारणं काहीच करायचं नाही. व्हिक्टर मायर यांनी 1966 मध्ये ह्याची सुरुवात केली, आजही ओसीडीसाठी हीच मुख्य थेरपी आहे. नुसतं "विचार करू नकोस" सांगून काही होत नाही, उलट विचार वाढतात.

लहान मूल थेरपीला यायला तयारच नसेल तर आईबाबांनी जावं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी स्पेस नावाची पद्धत काढली, त्यात फक्त पालक सेशनला बसतात, आणि मुलांच्या एन्झायटीवर ती सीबीटीपेक्षा (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) कमी पडली नाही. मुलाला म्हणायचं, "तुला भीती वाटतेय हे मला कळतंय, आणि तुला ती झेपेल हे पण मला माहितीय." सगळ्या सवलती, म्हणजे खात्री देणं, त्याच्याऐवजी तपासणं वगैरे, एका दिवसात काढू नका प्लीज, एकच निवडा, मुलाला आधी सांगा, मग मात्र आजी-आजोबांसकट सगळ्यांनी तेच पाळायचं. टीनेजर असेल तर कुठून सुरुवात करायची ते त्यालाच ठरवू द्या.

नवीन आईबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथे बायका गप्प बसतात. बाळाला माझ्या हातून काही होईल असे नको ते विचार येतात, ती घाबरून बाळाला आंघोळ घालणं सोडते, आणि घरचे बाळाला तिच्यापासून लांब ठेवतात. ओसीडीत असे विचार तिला स्वतःलाच नकोसे असतात, ते आले म्हणजे ती तसं करणार असं नाही. नवऱ्याने बाळ काढून घेऊ नये, शेजारी बसावं आणि तिलाच घालू द्यावी आंघोळ, थेरपिस्टशी ठरवून. पण तिला ते विचार बरोबर वाटायला लागले, आवाज ऐकू आले, झोप न येता ती भलतंच बोलायला लागली तर ते वेगळं आहे, बाळाला आणि तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

साठीनंतर पहिल्यांदाच असं काही सुरू झालं तर आधी डॉक्टरकडून मेंदूची तपासणी करून घ्या, मग थेरपी.

औषध दिलं असेल तर ओसीडीत फरक पडायला 8 ते 12 आठवडे लागू शकतात, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करायचं नाही.