खाजनातले पाणी देखाव्यात कसे उतरवावे

चवथीची आरास असो वा नाताळचा गोठा, गोव्याचा देखावा म्हटला की खाडी किंवा धबधबा ओघानेच येतो. बहुतेक देखावे नेमके तिथेच फसतात, कारण पाणी निळेच असते असे धरून पाणी म्हणून ओतायच्या पारदर्शक रेझिनमध्ये थेट निळा रंग कालवला जातो. वास्तविक उथळ पाण्याचा रंग मुख्यतः तळावरून ठरतो, म्हणून अर्धे काम रेझिन ओतण्याआधी ब्रशनेच उरकावे लागते.

मांडवीकाठचे खाजन, म्हणजे खाडीलगतची बांध घातलेली सखल जमीन, करायचे असल्यास प्लायवूडवर पीओपीने तळ घडवावा. मध्यभागी गडद शेवाळी तपकिरी आणि बांधाकडे फिकट चिखली असे अ‍ॅक्रिलिक रंग ओले असतानाच एकमेकांत मिसळावेत. मानशीसमोर, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारासमोर, भरती-ओहोटीच्या ओढीने तळ खोल कोरला जातो. तिथला रंग सर्वांत गडद ठेवावा. खारफुटीच्या मुळांसाठी तांब्याच्या बारीक तारा आधीच रोवून भरतीच्या रेषेपर्यंत त्यांना काळपट चिखलाचा हात द्यावा. पीओपी सच्छिद्र असल्याने त्यावर वॉर्निशचे दोन हात आवश्यक आहेत, नाहीतर आतली हवा बुडबुडे होऊन वर येते.

इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर पाकिटावरील प्रमाणातच घ्यावेत, हातमोजे घालून सावकाश ढवळावेत आणि सुमारे 3 मिलिमीटरच्या थरांत ओतावेत. जाड थर आतून तापून पिवळा पडतो, कधी तडकतोही. चवथ ऐन पावसाळ्यात येते हे विसरू नये: दमट हवेत हार्डनरची बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया होऊन पृष्ठभागावर चिकट, पांढुरकी साय धरते. शक्यतो एसीच्या खोलीत काम करावे आणि साय आलीच तर थर पूर्ण सुकल्यावर ती साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पॉलिश पेपर हलका फिरवून मगच पुढचा थर द्यावा. खाजनातले पाणी संथ असते, त्यामुळे ग्लॉस जेलच्या लाटा मानशीच्या तोंडापुरत्याच पुरेत. हौसेने सगळीकडे लाटा उठवल्या की खाजनाचा समुद्र होतो.

दूधसागर मात्र प्रमाणात करण्याचा हट्ट सोडावा. सुमारे 310 मीटर उंचीचा हा धबधबा 1:87 या प्रमाणात साडेतीन मीटरांहून उंच भरेल. उंची कमी करून रेल्वेचा पूल तेवढा ठसठशीत ठेवावा. प्लास्टिकच्या कागदावर पारदर्शक सिलिकॉनच्या उभ्या धारा ओढून, सुकल्यावर त्या सोलून खडकावर चिकटवाव्यात आणि जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर पांढरा रंग लावावा. पायथ्याचा फेस स्पंजने टिपून उठवावा.