या घरात कोणाचा मृत्यू झाला होता का? भाड्याचं घर घेताना हे विचारायचं कसं

जुन्या वाड्यात हा प्रश्न कोणी विचारला नसता. माजघराशेजारच्या खोलीत बाळंतपणं व्हायची आणि आजोबाही शेवटचा श्वास त्याच खोलीत घ्यायचे. फार तर त्रिपाद किंवा पंचकातला मृत्यू असेल, तर काही महिने घर बंद ठेवायची रूढी होती. आता दर अकरा महिन्यांनी माणसं बदलणाऱ्या फ्लॅटमध्ये आपल्या आधी कोण राहत होतं, हेही धड माहीत नसतं. मग सामान लागल्यावर महिन्याभराने समोरच्या काकू सहज म्हणून जातात, "तुम्हाला सांगितलं नाही का कोणी?"

घरमालकाने हे सांगायलाच हवं का? महाराष्ट्रापुरतं उत्तर असं, की घरात झालेला मृत्यू आपणहून सांगा, असं थेट बजावणारा कायदा नाही. कॅलिफोर्नियात आहे. तिथे तीन वर्षांपेक्षा जुना मृत्यू सांगण्याची सक्ती नाही, पण थेट विचारल्यावर खोटं बोलता येत नाही. जपानमध्ये सरकारने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. म्हातारपणाने किंवा आजारपणाने आलेला मृत्यू सहसा सांगावा लागत नाही. आत्महत्या, खून असलं काही असेल तर भाड्याच्या घरासाठी साधारण तीन वर्षं सांगावं लागतं. आपल्याकडे असा वर्षांचा हिशेब नाही. आपल्याकडे सगळा भार तुमच्या प्रश्नावर आहे, म्हणून तो नीट विचारायला हवा.

आधी घोड्याची गोष्ट

भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय हे सांगताना घोड्याचं उदाहरण दिलं आहे. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण लिलावात तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही. नुसतं गप्प राहणं गुन्हा नव्हे. त्याच कलमातलं दुसरं उदाहरण मात्र आपल्या कामाचं. घेणारा म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा धड आहे असं मी धरतो." विकणारा तरीही गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं म्हणजे बोलणंच.

पुढे कलम १९ ची मेख आहे. मालक गप्प राहिला आणि साधी चौकशी करून तुम्हाला खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करून मागता येत नाही. शिवाय त्या गोष्टीमुळेच तुम्ही करार केलात, हेही दिसावं लागतं. म्हणजे कामं तीन: विचारायचं, लेखी विचारायचं, आणि यावर आपला निर्णय अवलंबून आहे हे त्यातच लिहायचं.

टोकन द्यायच्या आधी

फक्त ब्रोकरला विचारून थांबू नका. "असं काही नाही हो, चांगली फॅमिली राहत होती" हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार असतं. मालकाचा नंबर घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज टाका:

"नमस्कार काका, घर आवडलं. टोकन पाठवण्याआधी एक विचारायचं होतं. गेल्या पाच वर्षांत या फ्लॅटमध्ये आत्महत्या, खून किंवा अपघाताने कोणाचा मृत्यू झाला आहे का? घर घ्यायचं की नाही हे आम्ही यावरच ठरवणार आहोत. आपण काही कळवलं नाहीत, तर तसं काही झालेलं नाही असं आम्ही धरू."

शेवटचं वाक्य म्हणजे तो घोडाच. तरीही उत्तर आल्याशिवाय पैसे पाठवू नका. फोनवर उत्तर मिळालं, तर "मघाशी आपण सांगितलंत त्याप्रमाणे..." असा मेसेज लगेच टाकून ठेवा. भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी असेल, तर त्याचं कारणही त्याच ओघात विचारा. आजाराचं नाव मात्र विचारू नका. आजी कशाने गेल्या, याच्याशी तुमचा संबंध नाही.

इमारतीत

"इथे कोणी मेलं का" असं विचारलंत, तर वॉचमन सावध होतो. "घर किती दिवस रिकामं होतं?", "आधीचे लोक का सोडून गेले?" असं विचारा. इस्त्रीवाला, दूधवाला, कामाला येणाऱ्या मावशी यांना सेक्रेटरीपेक्षा जास्त ठाऊक असतं. मात्र दोन माणसांकडून एकच गोष्ट कळेपर्यंत विश्वास ठेवू नका. इमारतीतल्या अफवा फार टिकाऊ असतात. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर पाहता येतात, पण संवेदनशील प्रकरणं तिथे टाकत नाहीत, आणि बऱ्याच आत्महत्या-अपघातांची फक्त 'अकस्मात मृत्यू' म्हणून नोंद होते. त्याला एफआयआर नसतो. तेव्हा तिथे काही सापडलं नाही, याचा फारसा अर्थ नाही.

मृत्यू झाला असेल, तर कशाने ते विचारा

माझ्या मते खरा महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि भुताखेताच्या धास्तीत तोच राहून जातो. आपले बहुतेक भाडेकरार लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी देणारे असतात. त्यांना लागू पडणाऱ्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातलं कलम ५७ सांगतं, की राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा जागेतला दोष मालकाला माहीत असेल आणि राहणाऱ्याला नसेल, तर मालकाने तो सांगायलाच हवा. इथे गप्प राहायची सोय नाही.

म्हणजे कोणी गळफास घेतला, हे सांगण्याची थेट सक्ती नाही. पण बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने कोणाचा जीव गेला असेल आणि तो गिझर अजून तिथेच असेल, तर तो दोष आहे. अर्थिंग नसलेल्या गिझरचा शॉक, बाल्कनीचा सैल कठडा, छताचं निखळलेलं प्लास्टर, हेही तसंच. गॅस गिझरमुळे तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे माणसाला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. असा गिझर बाथरूमच्या आत असेल, तर घर कितीही आवडो, तो बाहेर मोकळ्या हवेत बसवल्याशिवाय सही करू नका. एखाद्या वायरमनला नेऊन अर्थिंग तपासून घ्या, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते पाहा.

करारात एक ओळ

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. ऑनलाइन नोंदणी करून देणाऱ्या एजंटाकडे छापील मसुदा असतो, त्यात ही ओळ घालायला सांगा: "सदर सदनिकेत मागील पाच वर्षांत अनैसर्गिक मृत्यू झालेला नाही व जीवितास धोकादायक असा कोणताही दोष मालकास ज्ञात नाही. हे कथन खोटे आढळल्यास लॉक-इन लागू राहणार नाही व संपूर्ण डिपॉझिट परत केले जाईल." (लॉक-इन म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता न येण्याची अट.) एजंट कुरकुर करेल. करू द्या.

नंतर कळलं तर

सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. बदनामीचा वाद उगाच अंगावर येईल. जुना मेसेज शोधा, मालकाला लेखी कळवा आणि लॉक-इनमधून सुटका व डिपॉझिट मागा. पुष्कळ मालकांना बभ्रा नको असतो, त्यामुळे मिटण्याची शक्यता चांगली असते. नाही मिटलं, तर वकिलाची नोटीस. पण कळल्यावर चार महिने गुपचूप राहू नका, त्याचा अर्थ तुम्हाला ते चालत होतं असा निघतो.

आणि खरंच चालत असेल, तर भाडं कमी करून मागायला लाजू नका. त्याच बोलण्यात वास्तुशांतीचा खर्च कोणी करायचा, तेही ठरवून घ्या.