पाणी प्यायलेला बुश

ऑक्टोबर ते मे आमचे डायव्हर ग्रांदी बेटाच्या बाजूला पाण्यात असतात. पाऊस लागला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि सगळं सामान पणजीजवळच्या आमच्या शेडमध्ये येऊन पडतं. डायव्हिंगचं सामान दुरुस्त करायचं हे काम शिकायचं असेल तर पावसाळ्यातच या. तेव्हाच शिकवणाऱ्यांना सवड असते.

मी आयटीआय फिटर. तीन पावसाळ्यांपूर्वी एका निवृत्त डायव्हरने पोत्यात गुंडाळलेलं, पायांनी चालवायचं एक पोहण्याचं यंत्र आणून दिलं. मधे ॲल्युमिनियमचा दांडा, त्याला दोन आडवे पंख. मोटार नाही, बॅटरी नाही. दांडा पायांमध्ये आवळायचा आणि डॉल्फिनसारखे दोन्ही पाय एकदम वरखाली मारायचे. मागचा पंख खुंटीवर कलतो, अडसराला टेकतो आणि पाणी मागे रेटतो. घरगुती बनावट, पण जात अमेरिकेच्या कॅल्विन गाँगवर यांच्या ‘ॲक्वेऑन’ची.

पायात घालायच्या रबरी फिन्सचं पेटंट फ्रान्सच्या लुई द कोर्लिए यांनी १९३३ मध्ये घेतलं. आपण अजून बहुतेक त्यावरच आहोत. पुढे अमेरिकेच्या ‘डार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने ‘पॉवरस्विम’ नावाचं पंखांचं यंत्र करवून घेतलं. फिन्समध्ये मेहनतीचा सुमारे १० टक्के भाग कामी येतो, यात ८० टक्क्यांवर जातो, असा त्यांचा दावा. आकडा ऐकून मीही हुरळलो होतो. पण तो धडधाकट यंत्राचा आकडा. आमच्यासमोर होतं ते जाम झालेलं.

स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसवलेले असले आणि मधे खारं पाणी गेलं की बॅटरीसारखा प्रकार होतो. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी भुकटी दिसली की पान्याला हात लावू नका. मी लावला, पहिल्याच बोल्टचं डोकं तुटलं. उरलेल्यांना रात्रभर डब्ल्यूडी-फॉर्टी (जाम सोडवायचा तेलाचा फवारा), सकाळी हीट गन, मग पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे. दोन दिवस गेले. परत बसवताना प्लॅस्टिकचे वॉशर घातले आणि आट्यांना ग्रीस भरलं.

मग खुंटीचा बुश, म्हणजे खुंटीची पिन ज्यात फिरते ती नळी. जुना लंबगोल झाला होता. मी नायलॉनचा रॉड आणून लेथवर नवा उतरवला. पिन अशी बसली की करंगळीने ढकलला तरी पंख फिरावा. मोठ्या ऐटीत काकांना दाखवला. ते शेडमधले जुने मेस्त, म्हणजे मिस्त्री. त्यांनी पंख दोनदा हलवून बघितला.

“बरा झालाय रे. आता बादलीत टाक आणि परवा दाखव.”

मला वाटलं, थट्टा करताहेत. परवा पंख हलेना. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं. भोक आवळून पिन धरून बसलं होतं.

“सुकं माप घरी ठेव,” काका म्हणाले आणि चहा ओतायला लागले. दुसरा बुश डेल्रिन या कडक प्लॅस्टिकचा केला. महाग पडतो, पण पाणी जवळजवळ पीत नाही.

पंखाचं फायबर होडीवाल्यांकडून शिका, तेवढंच पुरे. एकच सांगतो. होड्यांचं पॉलिस्टर रेझिन पंखाच्या आतल्या थर्माकोलवर ओतलं तर थर्माकोल विरघळतो. तिथे इपॉक्सीच लागतं.

यानंतर वजन. यंत्र पाण्यात ना वर यायला हवं, ना बुडायला. आम्ही ड्रममध्ये विहिरीचं पाणी भरून शिसं बांधत जातो. पण समुद्राचं पाणी लिटरमागे साधारण २५ ग्रॅम जड. सहा लिटर पाणी सारणाऱ्या यंत्राला तिथे १५० ग्रॅम शिसं जादा लागतं. शिवाय १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. मऊ फोम असला तर चेपतो आणि वर हलकं वाटलेलं यंत्र खाली पाय ओढायला लागतं. म्हणून फोम कडक हवा.

चाचणी पोहण्याच्या तलावात. भिंतीला लाथ मारून निघालात की सुरुवातीचा वेग भिंतीचा असतो, तुमचा नव्हे. म्हणून पहिले पाच मीटर सोडून पुढचे १५ मीटरच धरायचे. तेवढ्यात किती किक मारल्या आणि किती सेकंद लागले, दोन्ही लिहायचं. फिन्स घालून तीन वेळा, यंत्रावर तीन वेळा, माणूस तोच, मधे नीट विश्रांती. ‘काय सुसाट गेलो’ हे वहीत चालत नाही. पहिल्या दिवशी मला तसंच वाटलं होतं. घड्याळात फिन्सपेक्षा दोन सेकंद जास्त निघाले, कारण अडसर चुकला होता आणि पंख गरजेपेक्षा जास्त कलत होता.

समुद्रात नेताना यंत्राचा पट्टा एका हाताने सुटलाच पाहिजे. डोळे मिटून सोडून दाखवल्याशिवाय मी कुणाला होडीवर घेत नाही. श्वास रोखून एकट्याने चाचणी करायची नाही, तलावातही नाही. पाण्यातच शुद्ध हरपते आणि आधी कळतही नाही. हवेची टाकी लावून असाल तर श्वास रोखायचाच नाही. पंखाने भर्रकन वर येणं फुप्फुसांच्या जिवावर बेतू शकतं. आणि कुंभारजुव्याचा कालवा शांत दिसतो म्हणून तिकडे नेऊ नका, तिथे मगरी आहेत.

पोट यावर भरत नाही. अशी यंत्रं वर्षाला एखाददुसरीच येतात. पैसे रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडाशी देणारा भाग), डायव्हरची जॅकेटं आणि होड्यांची इंजिनं देतात, तेव्हा तेही शिकून घ्या. जूनमध्ये येताना जुने कपडे घालून या. इपॉक्सीचा डाग निघत नाही.