सिव्हिलला जायचंय, पण कुणी पाहिलं तर?

जळगावात मी मेस चालवते, वरच्या मजल्यावर पोरी राहतात. रावेर, यावल, चोपडा, अमळनेर, शिरपूर अशा सगळीकडच्या. अकरावी-बारावी, नीटचा क्लास. सोडायला आलेल्या आया जाताना म्हणतात, "मावशी, जेवणाकडं बघा." जेवणाचं काय, बघतेच. पण पाळी चुकली, अंगावरून पांढरं जातंय, खाली खाज सुटलीय, हे सगळं रात्री भांडी आवरल्यावर माझ्याकडं येतं. डबा न्यायला येणारी पोरंही हल्ली विचारतात. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यात वेगळी सोय आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून सुरू आहे आणि त्याखाली मोठ्या सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांसाठी समुपदेशक बसतात. आपल्याकडं त्या खोलीला मैत्री क्लिनिक म्हणतात. बोर्ड ठळक दिसेलच असं नाही. जुन्या सिस्टरला "अर्शवाल्या मॅडम कुठं बसतात?" विचारलं की ती बोट दाखवते; अर्श हे किशोरवयीनांच्या या सोयीचं जुनं इंग्रजी लघुनाव. ही खोली सापडली तर आधी तिथंच जा, कारण तिथं "लग्न झालंय का?" या प्रश्नानं सुरुवात होत नाही.

खरी अडचण केसपेपरच्या खिडकीवर. आतला माणूस मोठ्यानं विचारतो, "काय होतंय?" आणि मागं अख्खी रांग कान देऊन उभी. तिथं खरं कारण सांगायची काही गरज नाही. "पोटात दुखतंय, लेडी डॉक्टरला दाखवायचंय," एवढं बोला, पुरतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर फुकट आहे. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यासाठी मात्र सुटे पैसे जवळ ठेवा. नाव आणि वय खरं सांगा. वय खोटं सांगून पुढं सोनोग्राफीच्या फॉर्मवर आधार कार्ड मागितलं की तारांबळ उडते.

दिवस निवडून जा. सोमवारी रविवारचीही गर्दी असते. बाजाराच्या दिवशी तर गावाकडचं अर्धं नातं सिव्हिलच्या आवारात भेटतं. जळगाव म्हणायला शहर, बाकी सगळे एकमेकांचे मेव्हणे. ओळखीचं कुणी भेटलंच तर "ऍनिमियाची गोळी घ्यायला आले" म्हणा, शाळेतल्या निळ्या गोळीमुळं ते सगळ्यांना पटतं. तरी भीती वाटत असेल तर भुसावळ किंवा धुळ्याला जा. तुम्ही त्याच गावच्या असायला पाहिजे असं सरकारी ओपीडीत काही नसतं.

डॉक्टरांसमोर बसल्यावर काय? मेडिकल कॉलेजात टेबलाभोवती शिकाऊ डॉक्टर उभे असतात. शिरपूरकडची एक पोर, मी सोबत गेलेली. बाहेर बाकावर माझ्या कानात स्पष्ट म्हणाली होती, "मावशी, मनी पाळी उनी नही, तीन महिना व्हयनात" (माझी पाळी आली नाही, तीन महिने झाले). आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखतं." गोळी लिहून दिली, पुढचा पेशंट! मी परत आत ढकललं तेव्हा कुठं बोलली. निघालं पीसीओडी, म्हणजे पाळी लांबवणारा अंडाशयाचा त्रास, बाकी काही नाही. म्हणून आत जाण्याआधी दारातल्या सिस्टरला सांगून ठेवा: "मला डॉक्टरांशी एकटीला बोलायचंय." हे वाक्य पाठ करा. आई सोबत असेल तरी म्हणता येतं. आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस कागदावर लिहून न्या. तिथं आठवत नाही, आणि डॉक्टर सगळं त्याच तारखेवरून मोजतात. पोटावरून सोनोग्राफी असेल तर पाणी पिऊन लघवी धरून ठेवावी लागते, नाहीतर दिवस फुकट. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर बाईमाणूस खोलीत थांबवायला सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता अवघड भाग. तो सांगितल्याशिवाय मी कुणालाच पुढं बोलू देत नाही, कारण मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा २०१२ चा पोक्सो कायदा मलाही लागू आहे. अठरा वर्षांच्या आत शरीरसंबंध आला, मग तो राजीखुशीचा का असेना, कायदा त्याला गुन्हाच धरतो. आणि ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचं असतं, डॉक्टर असो की मेसवाली. कळवलं नाही तर शिक्षा आहे. म्हणून पोरगी "मावशी, एक सांगायचंय" म्हणाली की मी आधी तिचं वय विचारते आणि हा नियम सांगते. मग तिनं ठरवावं. काहींना हे निष्ठुर वाटतं. मला अर्धवट वचन देणं जास्त निष्ठुर वाटतं.

पण या भीतीनं दवाखानाच टाळू नका. पोलीस केस होईल म्हणून उपचार थांबवता येत नाहीत. अत्याचार झालेल्या मुलीवर सरकारी असो की खाजगी, दवाखान्यानं मोफत उपचार करायचेच. गर्भपाताबाबतही सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-ओळख उघड करायची गरज नाही. ही गोष्ट सगळ्या डॉक्टरांना ठाऊक असते असं नाही, तुम्ही बोलून दाखवा. अठराच्या आत गर्भपाताला पालकाची लेखी संमती लागते. अठरा पूर्ण असतील तर फक्त तुमची सही. आईची नाही, नवऱ्याची नाही, त्या पोराची तर नाहीच. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. अल्पवयीन मुलींना चोवीसपर्यंत मुभा आहे, तिथं दोन डॉक्टर लागतात. नाव बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षा आहे. आणि घरातलाच माणूस त्रास देत असेल तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथून जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपर्यंत पोचता येतं.

पाळी चुकली की आधी मेडिकलवरून प्रेग्नन्सीचं किट आणा, सकाळच्या पहिल्या लघवीवर करा. दुसरी रेघ फिकट आली तरी ती आलीच. काही पोरी दोन आठवडे रेघेकडं बघत बसतात, तेवढ्यात आठवडे पुढं सरकतात. गर्भपाताच्या गोळ्या चोरून आणून खाऊ नका, कुणी कितीही सांगो. गर्भ नळीत असेल तर त्या गोळीनं तो पडत नाही, तिथंच वाढून नळी फुटू शकते, आणि जीव जाऊ शकतो. ७२ तासांची गोळी वेगळी, ती संबंधानंतर ७२ तासांच्या आत, गर्भ राहू नये म्हणून घ्यायची असते. चिठ्ठी लागत नाही. जितकी लवकर घ्याल तितकी चांगली. घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर परत घ्यावी लागते. पुढची पाळी मागंपुढं होते. तीन आठवड्यांत आली नाही तर किट. दर महिन्याला घ्यायची ही गोळी नव्हे.

पोरांनो, तुमचं. भुसावळपर्यंत रेल्वेच्या कडेच्या भिंती वाचत जा, "गुप्तरोगी, निराश रुग्ण भेटा" यानं रंगलेल्या. झोपेत कपडे ओले होणं हा रोग नाही. धात गेल्यानं कमजोरी येत नाही. त्या भिंतीवाल्यांच्या पुड्यांवर पोरांनी मेसचे पैसे घातलेले मी पाहिलेत. जखम, लघवीला जळजळ, पू, गाठ, असं काही असेल तर सिव्हिलमधला त्वचा व गुप्तरोग विभाग गाठा किंवा गुप्तरोगासाठीचं सुरक्षा क्लिनिक विचारा. खिडकीवर "स्किनला दाखवायचंय" म्हणायचं, अर्धी ओपीडी खरजेचीच असते. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात, फुकट होते. अठराच्या आत पालकाची संमती मागतात. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन करा.

जिथं कुणी वसकन अंगावर येईल, "या वयात हे धंदे?" म्हणेल, तिथं वाद घालू नका. नाव बघून ठेवा, उठा, आणि थेट वैद्यकीय अधीक्षकांच्या खोलीत जा. सोबत मोठं माणूस असेल तर बरं. मी गेलेय. दुसऱ्या डॉक्टरकडं पाठवतात.

आणि केसपेपर फेकू नका. पुढच्या वेळी तोच न्या, नाहीतर खिडकीवाला पुन्हा पहिल्यापासून विचारतो, तेही मोठ्यानं.