पी३एचटीचा थर घालताना

पी३एचटी म्हणजे ट्रान्झिस्टर करायला वापरतात तो अर्धवाहक पॉलिमर. प्रोजेक्टला आलेलं पोरगं पहिलं विचारतं, "सर, मोबिलिटी किती येईल?" म्हणजे विद्युतभार थरातून किती सहज सरकेल? अरे, थर कसा बसवतोस त्यावर आहे ते!

पॉलिमर रेजिओरेग्युलरच घ्या, म्हणजे साखळीवरच्या शेपट्या एकसारख्या क्रमाने लागलेला. तो विरघळवायला क्लोरोफॉर्म घेतलं तर ते ६१ अंशांनाच उकळतं. स्पिन कोटिंगमध्ये, म्हणजे गरगर फिरवून द्रावणाचा थर पसरवताना, झटक्यात उडतं आणि साखळ्यांना रचून बसायला वेळच मिळत नाही. ट्रायक्लोरोबेंझिन दोनशेच्या वर उकळतं, थर सावकाश सुकतो. मी तेच वापरतो, अर्थात फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात.

ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतभार थराच्या प्रतलातून धावतो. म्हणून साखळ्यांची वलयं फडताळातल्या पुस्तकांसारखी उभी हवीत, आडवी पडलेली नकोत. १९९९ साली केंब्रिजच्या सिरिंगहाउस आणि सहकाऱ्यांनी या दोन ठेवणींच्या मोबिलिटीत शंभर पटींहून जास्त फरक दाखवला. सिलिकॉन ऑक्साइडवर आधी ओटीएस या सिलेन रसायनाचा लेप दिला की उभी ठेवण साधायला मदत होते.

एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना, तांब्याच्या किरणांनी ५.४ अंशांच्या आसपास शिखर दिसलं की थर स्फटिकी झाला म्हणून पोरं नाचतात. थांबा. कमी रेणुभाराचा, म्हणजे आखूड साखळ्यांचा पी३एचटी जास्त स्फटिकी दिसतो, तरी मोबिलिटी कमी देतो. लांब साखळ्या एका स्फटिकातून दुसऱ्यात जातात, भार त्यांच्यावरून पलीकडे पोचतो. आखूड साखळ्यांत तो स्फटिकांच्या सीमेवरच अडतो. म्हणून रेणुभार बघून बाटली मागवा.

आणि कोल्हापूरचा पाऊस! पंचगंगा पात्राबाहेर असताना उघड्यावर मोजमाप करू नका. ऑक्सिजन आणि दमटपणामुळे ट्रान्झिस्टर बंद असतानाचा प्रवाह चढतो. नायट्रोजनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवा, मोजायचंही तिथंच.